बाबांची शांत नाडी

आमच्या घरात ऐकलेलं परत बोलून दाखवायचा नियम होता. मायनं स्वयंपाकघरातून म्हटलं, "दूध ठेवलं," की जो कोणी जवळ असेल त्यानं म्हणायचं, "दूध ठेवलं." म्हणजे आता ते उतू गेलं तर भांडण त्याच्याशी. "किल्ली खुंटीवर आहे." "किल्ली खुंटीवर." नागपूरचे मामा आले की हसून हसून बेजार व्हायचे, म्हणायचे, या क्वार्टरात माणसं कमी आणि पोपटच जास्त. पण बाबांपुढं बोलायची त्यांची छाती नव्हती, कारण हा नियम बाबांनी इंजिनातून आणला होता. बाबा मालगाडीचे ड्रायव्हर. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट असे दोघं असतात. पुढचा सिग्नल दिसला की असिस्टंट हात उचलून त्याचा रंग मोठ्यानं बोलतो आणि ड्रायव्हर हात उचलून तोच रंग परत बोलतो. दोघांनी एकच पाहिलं हे दोघांच्या कानांना कळलं, की मग गाडी पुढं. बाबांचं म्हणणं असं, की मागं पन्नास डबे कोळसा घेऊन जाताना जी गोष्ट उपयोगी पडते, ती घरात का नाही पडणार? त्यांच्यापुढं हा वाद कोणी जिंकला नाही.

रायपूरच्या रेल्वे कॉलनीतलं आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागं मुनग्याचं म्हणजे शेवग्याचं झाड, आणि त्याच्यापलीकडं यार्ड. डबे एकमेकांना धडकले की मांडणीतले स्टीलचे गिलास वाजायचे. पाहुणे दचकायचे, आम्हाला ते ऐकूही यायचं नाही. त्या गोंगाटाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय झालेले बाबा घरातही ओरडूनच बोलत. जवानीत नागपूरच्या वस्तीतल्या कबड्डी टीमचे ते नावाजलेले खेळाडू, तेव्हापासूनच अंगात नुसती चपळाई. राग म्हणाल तर भसकन वर आणि तसाच खाली. भाजीत मीठ कमी पडलं, मी अभ्यास सोडून रेडिओला कान लावून बसले, शेजारच्यानं नळ उघडा टाकला, सगळ्याला एकच आवाज. आणि खाणं! त्यांचा असिस्टंट साहू पुरानी बस्तीत राहायचा, अस्सल छत्तीसगढी माणूस. त्यानं बाबांना बासीचा नाद लावला होता. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवायचा, सकाळी त्यात मीठ घालायचं, कांदा बुक्कीनं फोडायचा, बाजूला हिरवी मिरची आणि आंब्याचं लोणचं. उन्हाळ्यात बाबा ड्यूटीवर निघायच्या आधी परातभर बासी खाऊन जात आणि वरचं पाणीही पिऊन टाकत. माय म्हणायची, नागपूरच्या माणसाला भाकर सोडून भाताच्या पाण्याचं येड लागलं, तर ते म्हणायचे, ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावची बासी खायची.

मी अकरावीत असताना हे सगळं हळूहळू बंद होत गेलं. इतकं हळू, की बदल होतो आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आधी आवाज जाड झाला, घशात कापूस कोंबल्यासारखा. मग चेहरा भरला. ड्यूटीवरून आले की खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. मग मे महिना आला. रायपूरचा मे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, सडकेवरचं डांबर चपलेला चिकटतं. अशा दिवसांत बाबांनी पेटीतून स्वेटर काढला. मरून रंगाचा, मायनं विणलेला. मी कूलर लावला की ते उठून बंद करत. मी म्हटलं, "बाबा, काहून बंद करता?" तर म्हणाले, "थंडी वाजून राहिली मले." मला वाटलं चेष्टा करून राहिले. बासीला तर हातही लावेनात. वाफाळतं वरण आणि त्याच्यावर गरम चहा. आणि राग? तो कुठं गेला कोणास ठाऊक. मीठ कमी पडलं तर गुपचूप वरून घेऊन खायचे. त्या महिन्यात मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात जास्त रेडिओ ऐकला.

आता खरी गंमत ऐका. या सगळ्यानं लोक खूष झाले. दर रविवारी आम्ही विहारात जायचो. वंदना झाली की सगळे ध्यानाला बसत, श्वासावर लक्ष ठेवून. बाबा आधी तिथं पाचव्या मिनिटाला चुळबुळ करायचे, मांडी बदलायचे, बाहेर कोणाची सायकल पडली तर डोळा किलकिला करून पाहायचे. आता ते बसले की दगडासारखे बसत. विहारातले मोठे म्हणजे गजभिये काका, रिटायर कंपाउंडर, मनाचे फार चांगले, पण कोणाचंही मनगट दिसलं की नाडी पाहिल्याशिवाय राहत नसत. त्यांनी एकदा बाबांची नाडी पाहिली, घड्याळाकडं पाहिलं, पुन्हा नाडी पाहिली आणि सगळ्यांना सांगितलं, की बघा, एवढी शांत नाडी मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली नाही, याला म्हणतात साधना. झालं! त्यानंतर दर रविवारी पोट्टे बाबांच्या मनगटाला हात लावून पाहायला रांग लावायचे. ज्या माणसाच्या आवाजाला अख्खी कॉलनी भ्यायची, तो आता शांतीचा नमुना म्हणून पुढच्या चटईवर बसायचा. मलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. रेल्वेची ठरावीक तपासणी झाली तिथंही डॉक्टरांनी विचारलं, खेळत होता का? बाबा म्हणाले, कबड्डी. खेळाडूंची नाडी हळूच असते, ते काही चूक नव्हतं. फिट म्हणून शिक्का मिळाला.

एकट्या मायला यात काही गोड वाटत नव्हतं. तिनं पाहिलं होतं ते दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. ती म्हणायची, "गॅस बंद करा," आणि बाबांचं "गॅस बंद" येईपर्यंत तिनं स्वतः उठून बंद केलेला असायचा. आमच्या घरात उत्तर ताबडतोब यायचं, त्याच्यासाठी थांबावं लागत नसे. आता थांबावं लागायला लागलं. मायनं ते मला सांगितलं नाही, विहारात सांगितलं नाही. नवऱ्याचं सगळीकडं कौतुक चालू असताना बायकोनं काय बोलायचं? ती फक्त एकच गोष्ट दोनदा बोलायला लागली, आणि बाबा जेवताना त्यांच्या तोंडाकडं बघत बसायला लागली.

मग तो दिवस आला. भिलाईकडून येताना पुढं पिवळा सिग्नल होता. साहूनं हात उचलला, रंग बोलला आणि वाट पाहिली. उत्तर आलं नाही. साहूचा हात त्याच्या बाजूच्या ब्रेकवर गेला, तेवढ्यात बाबा बोलले आणि त्यांनीच गाडी हळू केली. गाडी जिथं थांबायला हवी तिथंच थांबली. कुठं काही झालं नाही, कोणाला काही कळलं नाही, साहू तर या विषयावर एक शब्द बोलायला तयार नव्हता. तो बाबांना भैया म्हणायचा आणि मानायचाही तसाच. दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीसारखे आपला लोखंडी पेटारा उचलून ड्यूटीवर गेले आणि तासाभरात पेटाऱ्यासकट परत आले. आम्हाला वाटलं गाडी रद्द झाली. गाडी रद्द झाली नव्हती. बाबांनीच फोरमनला सांगितलं होतं, की मी गाडी घेत नाही, मी उशिरा बोलून राहिलो. फोरमन हसला म्हणे. अरे, डॉक्टरनं फिट दिलं, साहूची तक्रार नाही, तर तुम्हाला काय झालं? बाबा तेच वाक्य बोलत राहिले. शेवटी त्यानं आजारी म्हणून नोंद केली आणि दुसरा ड्रायव्हर बोलावला.

आज मी स्वतः नातवंडांची आजी आहे, शाळेत शिकवून रिटायर झाले, पुष्कळ शूर माणसं पाहिली. पण कागदावर फिट असलेल्या माणसानं, कोणी बोट दाखवलेलं नसताना, आपणहून मी कमी पडतोय म्हणून उठून येणं, एवढी हिंमत मी पुन्हा पाहिली नाही. कारण ड्रायव्हराला इंजिन म्हणजे काय असतं ते त्या कॉलनीत वाढल्याशिवाय कळत नाही. इंजिनावरून उतरवलेल्या माणसाला ऑफिसात कुठंतरी खुर्ची देतात. नोकरी राहते, माणूस मात्र दुसराच होतो. तसे दोघं-तिघं आमच्या लाइनीत होते, संध्याकाळी फाटकापाशी उभे राहून जाणाऱ्या गाड्यांकडं पाहायचे. बाबांना ते सगळं माहीत होतं आणि तरी ते परत आले होते. कॉलनीत लगेच कुजबुज सुरू झाली, की घाबरला, की काम टाळून राहिला. गजभिये काका घरी येऊन समजावून गेले, की मन एवढं शांत असताना शंका कशाला घेता. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. काका गेल्यावर माय त्यांच्यापुढं जाऊन बसली.

"तुम्ही बरोबर केलं," ती म्हणाली. "फाटकावर उभी राहते न लोकायची लेकरं, तीबी आपलीच हाये. आता डॉक्टरले दाखवू. अन् खरं काय ते सांगायचं, कबड्डी-गिबड्डी सांगायची नाही."

मोठ्या दवाखान्यात मीही सोबत गेले, सायन्सची पोट्टी म्हणून. बाबांना पलंगावर झोपवलं, छातीला रबरी फुग्यांच्या वाट्या चिकटवल्या, मनगटाला आणि घोट्याला पट्ट्या लावल्या. मशीनमधून गुलाबी चौकटींची कागदाची पट्टी सरसर बाहेर यायला लागली. माझ्या पुस्तकात ईसीजीचं चित्र होतं, चांगली उंच उंच टोकं. बाबांच्या पट्टीवर नुसतीच रेघ सरळ चालायची, चालायची, आणि मग कुठंतरी एक बारकीशी टेकडी. पुन्हा रेघ. पट्टी काढणाऱ्यानं वायर हलवून पाहिल्या, पुन्हा काढली, तरी तेच. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ती हातात धरून समजावलं, की हृदय स्वतःची वीज स्वतः तयार करतं, त्या विजेनं ते आवळतं आणि रक्त ढकलतं. इथं ती वीज उशिरा निघते आणि वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जातानाही रेंगाळते. असंच राहिलं तर छातीत मशीन बसवावी लागेल, जी वेळेवर ठोका देईल. माणूस त्यावर छान जगतो. बाबांनी एकच विचारलं, मशीन बसवल्यावर इंजिन चालवता येईल का? डॉक्टर म्हणाले, नाही, तुमच्या कामाला चालणार नाही. बाबा म्हणाले, "इंजिन नाही." सवयीनं परत बोलले, तेही उशिरानंच. मी मायकडं पाहिलं आणि मायनं दुसरीकडं पाहिलं.

पुढच्या तपासण्यांसाठी आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. लोक हातातल्या कागदांनी वारा घेत होते, पंखा गरम हवा फेकत होता. एक तरुण डॉक्टरीणबाई भराभर चालत आमच्यापुढून गेल्या, चार पावलं पुढं जाऊन थांबल्या आणि परत आल्या. त्यांची नजर पट्टीवर नव्हती, स्वेटरवर होती.

"अंकल," त्या म्हणाल्या, "आपको गर्मी नहीं लगती?"

हा प्रश्न त्या सगळ्या महिन्यांत कोणीच विचारला नव्हता. आम्ही घरचेही नाही, आम्ही नुसते कूलरवरून भांडत होतो. बाई बाबांना आत घेऊन गेल्या. गळ्यावर हात फिरवून पाहिला, हाताची कोरडी कातडी पाहिली, बोलायला लावून आवाज ऐकला. मग त्यांना स्टुलावर गुडघे टेकवून उभं केलं आणि घोट्याच्या मागं रबरी हातोडी मारली. पाऊल उडालं. पण उडालेलं पाऊल परत जागेवर यायला इतका वेळ लागला, की मायच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "असंच! घरीबी असंच!" बाई वळून म्हणाल्या, सांगा, घरी कसं? आणि मायनं आमचा तो परत बोलायचा नियम, उशिरा येणारं उत्तर, बासी, झोप, सगळं सांगून टाकलं. बाई मध्ये एकदाही न थांबवता ऐकत होत्या. मी तेव्हाच ठरवलं होतं, की मोठं झाल्यावर असं ऐकायला शिकायचं.

मग त्यांनी आम्हा तिघांना बसवून समजावलं. गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते, फुलपाखरासारखी. तिचा रस रक्तातून सगळ्या शरीरात जातो आणि कोणी किती वेगानं काम करायचं ते ठरवतो. हृदयात जिथं वीज तयार होते ती जागाही त्याच रसावर चालते, आणि ती वीज पुढं जाण्याची वाटही. रस जास्त झाला तर हृदय पळत सुटतं, कधी ताल सोडून वेडंवाकडं फडफडतं. रस कमी झाला तर वीज उशिरा निघते, वाटेत रेंगाळते, आणि पट्टीवरच्या लाटा अशा बुटक्या होतात. "दिल ख़राब नहीं है," त्या म्हणाल्या, "दिल को हुक्म देर से मिल रहा है." मशीन बसवायची घाई करू नका, मी मोठ्या सरांशी बोलते, आधी रक्त तपासू. मोठ्या डॉक्टरांनीही ऐकलं आणि लगेच मान्य केलं, हे त्यांचंही मोठेपण. तेव्हा ही तपासणी रायपुरात होत नव्हती. बूढापाऱ्यातल्या तलावाजवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं, ते नागपूरला गेलं, आणि आम्ही वाट पाहत बसलो. आता माझं स्वतःचं रक्त चौबे कॉलनीतल्या घरी येऊन घेऊन जातात आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. हो, मलाही आहे थायरॉइड, बापाकडून आलेला. नात म्हणते, "दादी, टैबलेट ले ली?" मी म्हणते, "टॅबलेट घेतली." तिला वाटतं आजी नुसतं उत्तर देते.

रिपोर्ट आला तो बाईंनी म्हटलं तसाच. रस जवळजवळ संपलाच होता. औषध म्हणजे एक चिमुकली पांढरी गोळी, उपाशीपोटी, आणि त्यानंतर बराच वेळ चहासुद्धा नाही. माय म्हणाली, एवढीच? बाईंनी तीही अर्धी करून द्यायला सांगितली. एवढे दिवस सुस्त पडलेल्या हृदयाला एकदम पळवलं तर त्याचीच दमछाक होते, छातीत दुखतं, ठोके चुकतात. म्हणून हळूहळू वाढवायचं. बाबांना हे एकदम पटलं. भरलेली मालगाडी झटक्यानं ओढली की डब्यांची जोडणी तुटते, असं ते मला म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. रोज पहाटे माय पाणी आणि अर्धी गोळी घेऊन उभी. त्यांनी गिळेपर्यंत हलायची नाही, आणि चहाची वेळ होईपर्यंत चहाचं भांडं गॅसवर चढवायची नाही, आमच्यासाठीसुद्धा नाही. पाऊस आला, कूलर आपोआप बंद झाला, भांडणाचं कारणच उरलं नाही. बाबा घरीच. गाड्या गेल्या की मान वळवायचे नाहीत, पण कोणतं इंजिन गेलं ते आवाजावरून पुटपुटायचे. मला ते फार लागायचं.

पोळ्याच्या सुमाराचा उकाडा होता. मी रेडिओ लावून गणितं करत होते. मायनं आतून म्हटलं, "भात खाली उतरव." मी उत्तर दिलं नाही, गाणं चालू होतं. आणि अचानक बाहेरच्या खोलीतून असा आवाज आला, की मांडणीतले गिलास वाजले असतील, "पोट्टी! माय काय बोलून राहिली, ऐकू येत नाही तुले? बंद कर तो डब्बा!" मी धाडकन उठले. रेडिओ बंद केला, भात उतरवला. वळून पाहिलं तर माय ओट्याला टेकून पदर तोंडाला लावून हसत होती, हसता हसता डोळे पुसत होती. बाबा दारात आले. अंगात नुसती बनियन, कपाळावर घाम. "कशाले हसून राहिली?" ती आणखीच हसायला लागली. मग ते जरा वरमून म्हणाले, उद्या बासी टाकून ठेव, लई दिवस झाले.

विहारात मात्र थोडी निराशा झाली. बाबा पुन्हा मांडी बदलायला लागले, पुन्हा सायकल पडली की डोळा उघडायला लागले. गजभिये काकांनी नाडी पाहिली आणि हळहळून म्हणाले, की भाऊ, साधनेत खंड पडला वाटते. बाबांनी दोन्ही हात जोडले. "काका, ध्यान तर मी आता करून राहिलो. आधी झोपत होतो." सगळ्यात मोठ्यानं काकाच हसले. नंतर मात्र नाडी हळू लागली की ते प्रत्येकाला विचारायचे, बाबू, थंडी तर नाही वाजत? आमच्या विहारातल्या दोन बायकांचा थायरॉइड त्यांनीच पकडला.

बाईंनी पुन्हा पट्टी काढली तेव्हा हवेत थंडी होती आणि व्हरांड्यातले सगळेच स्वेटर घालून बसले होते. त्यांनी जुनी आणि नवी पट्टी टेबलावर एकाखाली एक ठेवली. खालच्या पट्टीवर माझ्या पुस्तकातली टोकं होती, उंच, आणि एकामागं एक शिस्तीत. मशीनचं नावही कोणी काढलं नाही. बाबांनी दोन्ही पट्ट्या कितीतरी वेळ पाहिल्या आणि बाईंना नमस्कार केला. वयानं त्या त्यांच्या मुलीसारख्या, त्या संकोचून उठूनच उभ्या राहिल्या. मग रेल्वेच्या तपासण्या झाल्या, डोळे, कान, पुन्हा हृदय. आधी न पाहताच सही करणाऱ्यांनी या वेळी सगळं वर-खाली पाहून सही केली, आणि एका सकाळी बाबांनी पेटारा उचलला.

तो दिवस मायनं कसा काढला ते मी पाहिलं आहे. घासलेली भांडी तिनं पुन्हा घासली. संध्याकाळी अंगणाचं फाटक वाजलं. बाबा आणि मागं साहू, दोघांचे चेहरे धुळीनं माखलेले. साहू एरवी दारातूनच पुरानी बस्तीकडं सायकल वळवायचा, त्या दिवशी तो आत आला, टोपी काढून उभा राहिला. माय चहा घेऊन आली. बाबा खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"भाभी," साहू म्हणाला, "आज भैया हर सिग्नल मेरे से पहले बोले."

माय ट्रे धरून तशीच उभी. आमच्या घरात ऐकलेलं परत बोलायचं असतं, आणि ती बोलेना. बाबांनी वाकल्या वाकल्या मान वर केली.

"काय म्हटलं साहूनं?"

"तुम्ही आधी बोलले," माय कशीबशी म्हणाली.

"आधी बोललो," बाबा लगेच म्हणाले.